‘असूनही’ या शब्दाचा विचार : आजार, अपंगत्व आणि कर्तृत्वाची चरित्रे

उद्दिष्टे

या घटकाचे अध्ययन केल्यानंतर तुम्हाला आजार किंवा अपंगत्व घेऊन जगलेल्या कर्तृत्ववान व्यक्तींविषयीचे चरित्रपर लेखन चिकित्सकपणे वाचता येईल. अशा लेखनात वारंवार येणाऱ्या शब्दांमागील गृहीतके ओळखता येतील. तसेच एखाद्या व्यक्तीविषयी स्वतः लिहिताना कोणते प्रश्न विचारावे लागतात, हे उदाहरणांसह सांगता येईल.

४.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, शाळेतील वक्तृत्व स्पर्धा, संस्थांच्या स्मरणिका, सत्कार समारंभातील मानपत्रे, वृत्तपत्रांच्या रविवार पुरवण्या या सर्व ठिकाणी एक लेखनप्रकार तुमच्या परिचयाचा झालेला आहे. त्यात प्रथम बालपणीचा आजार किंवा अपघात येतो. मग आप्तांचे दुःख, त्यानंतर त्या व्यक्तीची जिद्द आणि शेवटी यश. हेलन केलर, लुई ब्रेल, बहिरेपणातही संगीतरचना करीत राहिलेला बेथोव्हेन ही नावे त्या ओघात ठरलेल्या जागी येतात. हा साचा खोटा आहे असे कोणी म्हणणार नाही. तो अपुरा आहे, असे मात्र म्हणावे लागते. त्याचा अपुरेपणा नेमका कोठे आहे, हे शोधणे हा या घटकाचा विषय आहे.

उदाहरणे मुद्दाम जवळची निवडली आहेत. घाटकोपर, विलेपार्ले, जोगेश्वरी आणि मुलुंडच्या पुढे मध्य रेल्वेवरच लागणारे उल्हासनगर ही स्थानके तुमच्यापैकी अनेकांच्या रोजच्या प्रवासातील आहेत. दुसरेही एक कारण आहे. दूरशिक्षणाचा मार्ग निवडणाऱ्या प्रौढ विद्यार्थ्यांमध्ये स्वतःच्या किंवा घरातील कोणाच्या दीर्घ आजारामुळे नियमित महाविद्यालय सोडावे लागलेले अनेक जण असतात. त्यांना हा विषय पुस्तकाबाहेरून समजावून देण्याची गरज नाही. त्यांनी आपला अनुभव या विवेचनाशेजारी ठेवून वाचावे आणि जेथे पटणार नाही तेथे समासात तशी नोंद करावी.

४.२ घाटकोपर ते परळ : डॉ. सुरेश अडवाणी

सुरेश अडवाणी यांचा जन्म १ ऑगस्ट १९४७ रोजी कराचीत झाला. फाळणीनंतर हे सिंधी कुटुंब महाराष्ट्रात आले आणि अडवाणी यांचे शिक्षण घाटकोपर परिसरात झाले. वयाच्या आठव्या वर्षी त्यांना पोलिओ झाला आणि त्यांचे पाय कायमचे निकामी झाले. कालगणना थोडी लक्षात घ्या. अमेरिकेत जोनास साल्क यांची पोलिओविरोधी लस यशस्वी ठरल्याची घोषणा एप्रिल १९५५ मध्ये झाली. हा मुलगा आजारी पडला तो याच सुमारास. लस जगात अवतरली होती, परंतु भारतातील मुलांपर्यंत पोहोचलेली नव्हती. या एका नोंदीने आपले वाचन बदलते. ‘नियतीचा घाला’ असे ज्याला आपण सहज म्हणतो, त्यामागे एखादी लस कोणत्या देशात आधी पोहोचते हा अगदी ऐहिक हिशोबही असतो. भारतातील पोलिओचा अखेरचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला आणि मार्च २०१४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या विभागाला पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणपत्र दिले. आज ते चरित्र वाचणाऱ्या तरुण वाचकाला पोलिओ म्हणजे काय, हेच सांगावे लागते.

लहानपणी रुग्णालयात काढलेल्या दिवसांत या मुलाच्या मनात डॉक्टर होण्याची इच्छा निर्माण झाली. विद्याविहारच्या सोमय्या महाविद्यालयात शिकून त्यांनी ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयाकडे अर्ज केला. तेथे प्रथम त्यांना नकार मिळाला. गुण कमी पडले म्हणून नव्हे, तर चाकाच्या खुर्चीतील मनुष्य डॉक्टर होऊ शकणार नाही, या समजुतीने. अडवाणी यांनी पाठपुरावा सोडला नाही आणि अखेरीस प्रवेश मिळाला. त्यांनी एम.बी.बी.एस. आणि एम.डी. या पदव्या मिळवल्या आणि परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात काम सुरू केले.

पुढील भाग सत्काराच्या भाषणांत बहुधा एका वाक्यात संपतो. वस्तुतः खरी कामगिरी तेथेच आहे, म्हणून तेथे आपण थोडे थांबू. अमेरिकेतील सिएटल शहरात फ्रेड हचिन्सन कर्करोग संशोधन केंद्रात डॉ. डोनल थॉमस यांनी अस्थिमज्जा प्रत्यारोपणाचे तंत्र विकसित केले होते. त्यांना १९९० साली नोबेल पारितोषिक मिळाले. अडवाणी यांनी या केंद्रात प्रशिक्षण घेतले. रक्ताच्या कर्करोगात हाडांच्या पोकळीतील मज्जा सदोष रक्तपेशी निर्माण करू लागते. अशा वेळी औषधांनी किंवा किरणोपचारांनी रुग्णाची मज्जा जवळजवळ संपूर्ण नष्ट करायची आणि जुळणाऱ्या दात्याची निरोगी मज्जा शिरेतून रुग्णाच्या शरीरात सोडायची, असा हा उपचार आहे. नवी मज्जा रुजेपर्यंतचे आठवडे अत्यंत धोक्याचे असतात, कारण त्या काळात रुग्णाला संसर्गाशी लढण्याची शक्तीच नसते. त्यासाठी निर्जंतुक खोली, रक्तपेढी, प्रयोगशाळा, रात्रंदिवस लक्ष ठेवणाऱ्या परिचारिका हे सगळे एका छताखाली हवे. १९८३ मध्ये अडवाणी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टाटा रुग्णालयात नऊ वर्षांच्या एका मुलीवर, तिच्या भावाची मज्जा घेऊन, असे प्रत्यारोपण केले. भारतातील हे पहिले यशस्वी अस्थिमज्जा प्रत्यारोपण मानले जाते. त्यांना २००२ मध्ये पद्मश्री आणि २०१२ मध्ये पद्मभूषण हे किताब मिळाले.

आता एक प्रश्न स्वतःला विचारा. या कामात पायांचा उपयोग किती होता? निदान करणे, औषधाची मात्रा ठरवणे, सहकाऱ्यांचा चमू उभा करणे, आईवडिलांना धोक्याची कल्पना देणे यांपैकी कोणती गोष्ट चाकाच्या खुर्चीत बसून करता येत नाही? महाविद्यालयाच्या दारावर जी समजूत उभी होती, तिचे खंडन पुढील अनेक दशकांच्या कामाने आपोआप झाले. त्या पहिल्या नकारापाशीच हे आयुष्य थांबले असते, तर भारतातील रक्तकर्करोगाच्या उपचारांचा इतिहास काही वर्षांनी तरी मागे सरकला असता, असे म्हणणे अतिशयोक्त होणार नाही.

४.३ ‘ऊन’ आणि ‘ही’ : व्याकरणाची साक्ष

मराठीच्या विद्यार्थ्याने येथे व्याकरणाकडे वळायला हवे. ‘असूनही’ या रूपात ‘अस’ हा धातू, ‘ऊन’ हा कृत्-प्रत्यय आणि ‘ही’ हे शब्दयोगी अव्यय आहे. नुसते ‘ऊन’ लागले की क्रियांचा क्रम किंवा कारण कळते : ‘जेवून निघाला’, ‘पावसात भिजून आजारी पडला’. त्याला ‘ही’ जोडला की अर्थ उलटतो. ‘पाऊस असूनही तो आला’ या वाक्यात बोलणारा न सांगता एक गोष्ट सांगून जातो : पाऊस असताना माणसे येत नाहीत. म्हणजे ‘ही’ हे अव्यय एका सर्वसाधारण नियमाची आठवण करून देते आणि समोरची घटना त्या नियमाला अपवाद ठरवते.

हे लक्षात घेऊन पुढील दोन वाक्ये शेजारी ठेवा.

(अ) पोलिओ असूनही ते डॉक्टर झाले.
(आ) प्रवेश नाकारला जाऊनही ते डॉक्टर झाले.

दोन्ही वाक्ये सत्य आहेत. परंतु (अ) मध्ये गृहीत धरलेला नियम असा : पोलिओ झालेला मनुष्य डॉक्टर होत नाही. (आ) मधील नियम असा : ज्याला प्रवेश नाकारतात तो डॉक्टर होत नाही. पहिला नियम निसर्गाच्या माथी मारलेला आहे, दुसरा माणसांनी केलेला आहे. पहिल्यात अडथळा व्यक्तीच्या शरीरात आहे, दुसऱ्यात तो एका कार्यालयाच्या टेबलावर आहे. साचेबंद चरित्रलेख जवळजवळ नेहमी (अ) लिहितो. त्यामुळे नकार देणारे कथानकातून अदृश्य होतात आणि ‘जिद्द’ एकटी उरते.

(आ) हे वाक्यही संपूर्ण नाही, हे चाणाक्ष विद्यार्थ्याच्या ध्यानात आले असेल. ‘नाकारला जाऊन’ या रचनेत कर्ता कोठे आहे? कर्मणी रचनेची ही सोय शासकीय पत्रव्यवहाराला फार प्रिय असते. चरित्रकाराने मात्र कर्ता शोधून वाक्यात बसवायचा असतो : कोणी नाकारला, कोणत्या नियमाखाली, आणि नंतर तो नियम कोणी वाकवला.

याच ओघात ‘खिळणे’ या क्रियापदाचा विचार करू. ‘अंथरुणाला खिळलेला’ हा वाक्प्रचार यथार्थ आहे. त्यावरून बेतलेला ‘चाकाच्या खुर्चीला खिळलेला’ हा मात्र उफराटा आहे. ज्या साधनामुळे मनुष्य अंथरुणावरून सुटला आणि जगात हिंडू लागला, त्यालाच खिळा म्हणणे हे निरीक्षणाच्या अभावाचे लक्षण आहे. तुमच्या लेखनात हा शब्दप्रयोग आढळल्यास तो खोडावा, अशी प्रस्तुत लेखकाची स्पष्ट सूचना आहे.

४.४ जोगेश्वरी आणि उल्हासनगर

अडवाणी यांना मिळालेला नकार जुन्या काळातील अज्ञानाचा होता, आता कायदे झाले आहेत, असे वाटणे स्वाभाविक आहे. अपंग व्यक्तींसाठी समान संधीचा कायदा १९९५ मध्ये संमत झाला आणि शिक्षणसंस्थांत तीन टक्के जागा राखीव झाल्या. त्यानंतरची ही हकिकत पाहा.

जोगेश्वरीत राहणारी, भाजीविक्रेत्याची मुलगी रोशन जव्वाद शेख हिने २००८ मध्ये, महाविद्यालयातून घरी परतत असताना, लोकलमधून पडून दोन्ही पाय गमावले. पुढे तिने वैद्यकीय प्रवेश परीक्षा दिली आणि अपंगांसाठी राखीव असलेल्या जागेसाठी ती गुणवत्तेने पात्र ठरली. तरीही प्रवेश मिळाला नाही. कारण असे की राखीव जागेचा लाभ मिळण्यासाठी अपंगत्व किमान चाळीस टक्के असावे लागे, आणि वैद्यकीय शिक्षणाच्या नियमानुसार ते सत्तर टक्क्यांहून अधिक असता कामा नये. रोशनचे अपंगत्व या कमाल मर्यादेपलीकडे गेले होते. म्हणजे दार अपंगांसाठीच उघडले होते, पण आत जाण्यासाठी ‘बेताचे’ अपंग असणे आवश्यक होते. तिने मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली. वकिलांनी शुल्क न घेता बाजू मांडली आणि २०११ मध्ये मुख्य न्यायमूर्ती मोहित शहा यांच्या खंडपीठाने तिला प्रवेश देण्याचा मार्ग मोकळा केला. परळच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयातून २०१६ मध्ये ती डॉक्टर झाली आणि पुढे त्याच क्षेत्रात, पॅथॉलॉजी या विषयात, पदव्युत्तर शिक्षणाकडे वळली.

डॉ. शेख यांची गोष्ट ‘जिद्द’ या एका शब्दात बसवता येईल का? जिद्द होतीच. पण त्या गोष्टीत विनामोबदला उभे राहिलेले वकील आहेत, नियमाच्या अक्षरापलीकडे पाहणारे न्यायाधीश आहेत, कृत्रिम पाय बसवणारे तंत्रज्ञ आहेत, भाजीच्या धंद्यावर घर चालवून मुलीला शिकवणारे आईवडील आहेत. यांना वगळून लिहिलेले चरित्र वाचकाला चुकीची शिकवण देते : ‘तिला जमले, मग तुला का नाही?’ हा प्रश्न अनेक घरांत, अनेक आजारी मुलांना विचारला जातो आणि तो फार बोचतो. ज्यांना वकील मिळाला नाही, ज्यांच्या जिल्ह्यात उच्च न्यायालयाचे खंडपीठ नाही, त्यांची जिद्द कमी होती असे आपण कोणत्या आधारावर म्हणणार?

उल्हासनगरच्या प्रांजल पाटील यांची हकिकत याच वळणाची आहे. त्यांची दृष्टी लहानपणीच गेली. दादरच्या कमला मेहता अंधशाळेत आणि नंतर सेंट झेवियर्स महाविद्यालयात त्या शिकल्या. महाविद्यालयासाठी उल्हासनगरहून छत्रपती शिवाजी टर्मिनसपर्यंतचा प्रवास त्या लोकलनेच करीत. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात उच्च शिक्षण घेत असताना त्यांनी केंद्रीय लोकसेवा आयोगाची परीक्षा दिली. २०१६ मध्ये लागलेल्या निकालात त्यांचा क्रमांक ७७३ वा होता आणि त्यांना भारतीय रेल्वे लेखा सेवा मिळाली. रेल्वेने मात्र संपूर्ण अंधत्वाचे कारण देऊन त्यांना घेण्यास नकार दिला. ज्या रेल्वेने ही मुलगी वर्षानुवर्षे एकटीने प्रवास करीत होती, तिलाच ती हिशोब तपासू शकेल याची खात्री वाटेना! त्यांनी पुन्हा परीक्षा दिली. २०१७ च्या निकालात त्यांचा क्रमांक १२४ वा आला, त्या भारतीय प्रशासकीय सेवेत गेल्या आणि २०१९ मध्ये तिरुवनंतपुरम येथे उपजिल्हाधिकारी म्हणून रुजू झाल्या. उत्तरपत्रिका लिहिण्यासाठी लेखनिक आणि पडद्यावरील मजकूर वाचून दाखवणारी संगणक प्रणाली यांचा या यशात किती वाटा आहे, हे त्यांच्याविषयीच्या लेखांत शोधून पाहा. जेथे तो सांगितलेला असेल, तो लेख चांगला समजावा.

४.५ फलाट आणि गाडी यांतील अंतर

उपनगरांतील अपंगत्वाविषयी लिहिताना रेल्वे टाळता येत नाही. ती येथे अपंगत्वाचे एक कारण आहे आणि अपंगांचे मुख्य वाहनही आहे. जानेवारी २०१४ मध्ये घाटकोपर स्थानकावर एक सोळा वर्षांची विद्यार्थिनी फलाट आणि गाडी यांमधील पोकळीत पडली आणि तिचे दोन्ही हात गेले. २०२० मध्ये मुंबईतच तिच्यावर दोन्ही हातांचे प्रत्यारोपण झाले. वृत्तपत्रांनी तिच्या धैर्याची योग्य ती दखल घेतली. परंतु त्या घटनेनंतर आणखी एक गोष्ट घडली : कमी उंचीच्या फलाटांचा प्रश्न ऐरणीवर आला आणि उपनगरी स्थानकांवरील फलाट उंच करण्याच्या कामाला वेग आला. चरित्रकाराच्या दृष्टीने ही दुसरी गोष्टही तितकीच टिपून ठेवण्याजोगी आहे. अडथळा काही सेंटिमीटरांचा होता आणि तो सिमेंटने भरून निघण्यासारखा होता.

तुम्ही फलाटावर उभे असताना एका ठराविक जागी सतत ‘टीं-टीं’ असा ध्वनी ऐकला असेल. अपंग प्रवाशांचा डबा तेथे थांबतो, हे दृष्टिहीनांना कळावे यासाठी तो आहे. परळच्या टाटा रुग्णालयाकडे उपचारासाठी निघालेले कर्करोगाचे रुग्णही याच डब्यातून प्रवास करतात. अंधेरीच्या गर्दीत सकाळी नऊ वाजता हा डबा खरोखर कोणाच्या ताब्यात असतो, हे सांगण्याची आवश्यकता नाही.

४.६ स्वतः लिहिलेले आयुष्य

आतापर्यंत दुसऱ्याने लिहिलेल्या चरित्रांचा विचार केला. मराठीत या अनुभवाचे आत्मकथनही आहे. त्यातील नसीमा हुरजूक यांचे ‘चाकाची खुर्ची’ हे पुस्तक तुम्ही अवश्य वाचावे. कोल्हापूरच्या नसीमादीदींना ऐन सोळा-सतराव्या वर्षी कमरेखाली लुळेपणा आला. पुढे त्यांनी केंद्रीय उत्पादन शुल्क विभागात नोकरी केली आणि १९८४ साली ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था उभी केली.

पुस्तकाच्या शीर्षकाकडे पाहा. त्यात जिद्द नाही, झेप नाही, आकाश नाही. एक वस्तू आहे, आणि तिला साधे मराठी नाव दिलेले आहे. जी वस्तू इतरांना दुर्दैवाचे चिन्ह वाटते, तिलाच लेखिकेने आपल्या आयुष्याचे नाव दिले. दुसऱ्याने लिहिलेल्या चरित्रात आजार हा पहिल्या प्रकरणात येतो आणि शेवटच्या प्रकरणात ‘जिंकला’ जातो. आत्मकथनात तो असा संपत नाही, कारण जगण्यात तो संपत नाही. त्वचेच्या जखमा, शौचालयाची सोय, जिना, दुसऱ्यावर अवलंबून राहताना वाटणारा संकोच हे विषय रोज पुन्हा उभे राहतात. लज्जा आणि सोय या दोन गोष्टींविषयी लेखक किती मोकळेपणाने लिहितो, यावरून असे आत्मकथन पारखावे, असे सुचवावेसे वाटते.

या संस्थेच्या आधाराने पुढे आलेल्या सोनाली नवांगुळ यांचे उदाहरण मराठीच्या विद्यार्थ्यांसाठी विशेष महत्त्वाचे आहे. त्या मूळच्या सांगली जिल्ह्यातील बत्तीस शिराळ्याच्या. वयाच्या नवव्या वर्षी बैलगाडीच्या अपघातात त्यांच्या मज्जारज्जूला इजा झाली. आज त्या कोल्हापुरात स्वतंत्रपणे राहून लेखन करतात. तमिळ लेखिका सलमा यांच्या कादंबरीच्या ‘मध्यरात्रीनंतरचे तास’ या त्यांच्या मराठी अनुवादाला साहित्य अकादमीचा २०२० चा अनुवाद पुरस्कार मिळाला. घराच्या चौकटीत अडकलेल्या मुस्लिम स्त्रियांचे जग या कादंबरीत आहे. ते मराठीत आणताना बोलीची कोणती पातळी निवडावी, नात्यांची संबोधने कशी ठेवावीत, हे प्रश्न अनुवादकाला सोडवावे लागतात. नवांगुळ यांच्या यशाविषयी लिहायचे तर या प्रश्नांविषयी लिहायला हवे. पुरस्कार अनुवादाला मिळाला आहे. तरीही त्यांच्याविषयी लिहिताना अनेकांची लेखणी प्रथम खुर्चीकडे आणि नंतर, जागा उरली तर, कादंबरीकडे वळते. लेखकाचे शरीर झाकून ठेवावे असे येथे सुचवायचे नाही. त्याला किती जागा द्यायची, एवढाच प्रश्न आहे.

४.७ नावे ठेवणे

मराठीत ‘पांगळा’, ‘आंधळा’, ‘बहिरा’ हे शब्द म्हणींत सर्रास येतात. ‘आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन’ किंवा ‘आंधळं दळतं, कुत्रं पीठ खातं’ या म्हणी घडवणाऱ्या समाजाच्या मनात दुष्टावा होता असे नाही, पण दृष्टिहीन मनुष्य हा उदाहरणाचा विषय होता, ऐकणारा नव्हता. नाशिकचे कवी गोविंद, म्हणजे गोविंद त्र्यंबक दरेकर (१८७४–१९२६), यांचे पाय लहानपणापासून लुळे होते. परिचितांत ते ‘आबा पांगळे’ म्हणून ओळखले जात. सावरकर बंधूंच्या ‘अभिनव भारत’ या मंडळात त्यांच्या कविता गाइल्या जात. त्या कविता छापल्याबद्दल १९०९ मध्ये बाबाराव सावरकरांना जन्मठेपेची, काळ्या पाण्याची शिक्षा झाली. ज्याच्या शब्दांचा एवढा धसका सरकारने घेतला, त्याच्या नावात मात्र मित्रांनी पायच पाहिले.

‘अपंग’, ‘विकलांग’ आणि २०१५ नंतर शासनव्यवहारात रूढ झालेला ‘दिव्यांग’ असा शब्दांचा प्रवास तुम्हाला ठाऊक आहे. ‘दिव्यांग’ या शब्दाविषयी अपंग चळवळीतच मतभेद आहेत. काहींना तो सन्मानाचा वाटतो. काहींच्या मते तो उणीव नाकारून दैवी गुण चिकटवतो आणि सोयी मागणाऱ्याला अवघड जागी आणतो, कारण ज्याला दिव्य अंग लाभले आहे त्याने उतारमार्ग का मागावा? या पुस्तिकेत कायद्याचा संदर्भ असेल तेथे कायद्याचा शब्द आणि अन्यत्र ‘अपंग’ हा शब्द वापरला आहे. तुम्ही ज्या व्यक्तीविषयी लिहीत असाल, तिला स्वतःविषयी कोणता शब्द चालतो हे तिलाच विचारावे.

४.८ नामावळीचा उपयोग

कर्तृत्ववान अपंगांच्या याद्या निरुपयोगी असतात का? येथे एक अलीकडचा प्रसंग विचारात घेऊ. महाराष्ट्रातील एका विद्यार्थ्याला वाणीविषयक अपंगत्व चाळीस टक्क्यांहून थोडे अधिक असल्यामुळे वैद्यकीय प्रवेशास अपात्र ठरवण्यात आले. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की केवळ टक्केवारीच्या आकड्यावरून कोणालाही अपात्र ठरवता येणार नाही. तो विद्यार्थी अभ्यासक्रम पूर्ण करू शकेल की नाही, हे तज्ज्ञ मंडळाने प्रत्यक्ष तपासले पाहिजे. म्हणजे घाटकोपरच्या अर्जदाराला मिळालेला नकार आणि जोगेश्वरीच्या अर्जदाराला लावलेली टक्केवारी या दोहोंमागचा प्रश्न येथे पुन्हा न्यायासनासमोर आला.

या निकालपत्रात न्यायालयाने बेथोव्हेन, मिल्टन यांच्यासारख्या नावांचे स्मरण केले आहे. आपल्याकडील नावांत सुधा चंद्रन आहेत. विलेपार्ल्याच्या मिठीबाई महाविद्यालयाच्या या विद्यार्थिनीने १९८१ च्या अपघातात पाय गमावला आणि जयपूर पाय बसवून पुन्हा भरतनाट्यम सुरू केले. वक्तृत्व स्पर्धेत आपण ऐकतो तीच ही यादी. परंतु तेथे तिचे काम वेगळे आहे. भाषणात ती श्रोत्याला सांगते, ‘तूही असा हो’. निकालपत्रात ती नियम करणाऱ्याला विचारते, ‘यांना अडवले असते तर काय गमावले असते?’ नावे तीच, पण ती कोणापुढे उच्चारली यावर त्यांचा अर्थ ठरतो.

४.९ स्वाध्याय

१. पुढील वाक्यातील गृहीतक स्पष्ट करा आणि वाक्य दोन निरनिराळ्या प्रकारे पुन्हा लिहा : ‘दृष्टी नसूनही त्यांनी प्रशासकीय सेवेत उच्च पद मिळवले.’ पुनर्लेखनात किमान एकदा अडथळा निर्माण करणारा कर्ता स्पष्टपणे यावा.

२. ‘चाकाची खुर्ची’ हे आत्मकथन वाचून, त्यातील अशा एका प्रसंगाचे विवेचन करा जो सत्काराच्या भाषणात सांगितला जाण्याची शक्यता कमी आहे. तो का सांगितला जात नाही, याविषयी आपले मत सुमारे ३०० शब्दांत लिहा.

३. आपल्या परिसरातील दीर्घ आजार किंवा अपंगत्व असलेल्या एका व्यक्तीची, तिच्या संमतीने, मुलाखत घ्या. ती व्यक्ती प्रसिद्ध असण्याची आवश्यकता नाही. तिचे काम काय आहे, त्या कामाची पद्धत कोणती, कामाच्या जागेपर्यंत ती कशी पोहोचते, तिला कोणी केव्हा नकार दिला आणि त्यानंतर काय झाले, हे विचारा. ‘जिद्द’, ‘मात’, ‘झेप’ आणि ‘असूनही’ हे शब्द न वापरता सुमारे ६०० शब्दांचा चरित्रपर लेख तयार करा. लिहिलेला मजकूर त्या व्यक्तीला वाचून दाखवा आणि तिने सुचवलेले बदल लेखाच्या शेवटी स्वतंत्रपणे नोंदवा.

४. आपल्या जवळच्या रेल्वे स्थानकाच्या प्रवेशद्वारापासून अपंगांच्या डब्यापर्यंतचा मार्ग चालून पाहा. पायऱ्या, उद्वाहक, सरकते जिने, फलाटाची उंची आणि सूचनाध्वनी यांची नोंद करा. या नोंदींच्या आधारे स्थानक प्रबंधकांना उद्देशून एक औपचारिक पत्र लिहा. पत्रात विशेषणे कमीत कमी आणि मोजमापे जास्तीत जास्त असावीत.